बेगमी

राजीनामा देणाऱ्या बायका पाहायच्या असतील तर सकाळच्या कसारा लोकलच्या बायकांच्या डब्यात यावं. आसनगाव ते कल्याण एवढ्या टापूत निदान सहा-सात राजीनामे दिले जातात. कुणी तो कालच साहेबांच्या टेबलावर आपटून आलेली असते, कुणी महिनाभर पर्समध्ये घालून हिंडत असते, तर कुणाचा नुसता मनात टाइप होऊन पडलेला असतो. पुढे डोंबिवलीची गर्दी आत घुसली की बोलणं खुंटतं. ठाणं गेलं की बहुतेक राजीनामे परत घेतले जातात, आणि व्हीटीला उतरताना (आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणायचं, पण आमच्या जिभेचं वळण जुनं) प्रत्येकजण मस्टर गाठायला धावत सुटते.

या सगळ्या राजीनाम्यांत एक वाक्य मात्र हटकून असतं. "एकदा तेवढे जमले ना, की दुसऱ्या दिवसापासून मी घरी!"

हे 'तेवढे' म्हणजे किती, हा मोठा मौजेचा प्रश्न आहे. १९९७ साली मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई म्हणायच्या, "पाच लाख झाले की सुटले." पाच झाले तेव्हा मुलाचं इंजिनिअरिंग निघालं. बारा झाले तेव्हा बदलापूरचा ब्लॉक निघाला. शेवटी त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ घेऊनच बाहेर पडल्या. त्या दिवशी किती साठले होते हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. आमच्या गाडीतून माहुलीचे सुळके दिसतात. वासिंदला वाटतं, हे काय इथेच आहेत. आसनगावला उतरावं तरी ते तेवढेच लांब. 'तेवढे'चंही तसंच आहे.

मी हा प्रश्न परवापरवापर्यंत दुसऱ्यांचा म्हणून ऐकत होते. पण माझं वय त्रेपन्न झालं. आमचं बिऱ्हाड शहापूरला. यांचं मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं लहानसं दुकान. मुलगी पुण्याला, तिच्या पायावर उभी. आणि माझी आई मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्याही पुढे, माळशेजच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या जुन्या घरात एकटी. तिला आता एकोणऐंशी झाली आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं करू देत नाही. शेत अर्धलीनं दिलं आहे, तरी राब भाजायच्या दिवसांत ती बांधावर जाऊन उभी राहतेच. भाऊ बदलापूरहून रविवारी जाऊन येतो, मी महिन्यातून एकदा. किन्हवली करीत सरळगाव, तिथून पुढे मिळेल त्या गाडीनं. जाऊन येईतो रविवार संपतो, आणि आईशी बोलणं होतं ते निघतानाचं.

तेव्हा माझं 'तेवढे' किती, हे आता मला काढायचं होतं.

तुम्ही म्हणाल, हिशेबखात्यात अठ्ठावीस वर्षं घालवलेल्या बाईला यात काय अवघड? पण अवघड असतं ते बेरीज-वजाबाकीत नसतं. ते कुठे असतं, हे मला आईच्या बेगमीवरून उमगलं.

माझ्या लहानपणी पावसाळ्याच्या आधी घरात बेगमी व्हायची. मुरबाडच्या बाजारातून सुके बोंबील, सुकट, मिरची, मीठ, घासलेट. पडवीत सरपण छपराला टेकेपर्यंत रचलेलं. आणि माजघरात भाताची कणगी, शेणानं सारवलेली, माझ्या डोक्यावरून उंच. त्या कणगीला आकडे नव्हते. आई आषाढात एकदा हात घालायची, श्रावणात एकदा. हात कोपरापर्यंत आत गेला तर काही बोलायची नाही. खांद्यापर्यंत गेला तर त्या दिवसापासून रात्री भाताऐवजी नाचणीची भाकरी व्हायची. एवढं सगळं जमे, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. कार्तिकात नवं भात खळ्यावर येणार. पुरवायचं होतं ते तेवढ्यापर्यंत. 'पुरे' या शब्दाला पलीकडची एक कड होती.

पगारदार माणसाची कणगी भरली आहे की नाही हे कळत नाही, ते कणगी लहान म्हणून नव्हे. त्याचा पावसाळा कधी संपणार हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. माझी एक आत्या ब्याण्णव वर्षं जगली, तिचा धाकटा भाऊ एकसष्टीच्या आत गेला. आता यातलं मी कुणावर जाणार?

हिशेबाची एक रीत मात्र मला आमच्याच तालुक्यात सापडली. आम्ही शहापूरकर मुंबईला पाणी पाजतो. १८९२ सालचा तानसा आमचा. १९५७ चं मोडकसागर, ज्याला मोडक इंजिनिअरांचं नाव आहे, तेही आमच्याच अंगणात. आणि सगळ्यांत मोठा तो भातसा. मुंबईच्या सात तलावांत मिळून जे पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसात. जुलै-ऑगस्टात वर्तमानपत्रं रोज सकाळी सहा वाजताची पातळी छापतात, आणि डब्यातल्या बायका सोन्याच्या भावासारखी ती मोठ्यानं वाचतात. सातही तलाव मिळून १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर भरले, की शहराला वर्षभर पुरतं. शहराची रोजची तहान ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटरांची. करून पाहा भागाकार. १ ऑक्टोबरला महापालिका हिशेब मांडते. इतका साठा, इतका रोजचा खर्च, इतकं ऊन घेऊन जाणार, पुढच्या पावसापर्यंत पोचतं की नाही. आईची कणगीच ती, फक्त हात घालायचा तो मोजपट्टीचा.

(या तलावांच्या कडेच्या गावांतून उन्हाळ्यात टँकर फिरतात, डोक्यावर हंडे घेऊन बायका त्यांची वाट पाहतात, हेही इथेच सांगून टाकते. दारात साठा असणं वेगळं आणि तो आपल्या घशाखाली उतरणं वेगळं. सणासुदीला यापेक्षा जास्त बोलत नाही.)

तर मी वही काढली आणि माझा भातसा मोजला. प्रॉव्हिडंट फंड. बँकेतल्या ठेवी. पोस्टातली खाती, जी मी पहिल्या पगारापासून कुणाला न सांगता चालवली. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. सगळं मिळून ३८ लाख. दागिने आणि एक ठेव मी यात धरली नाही. तो राखीव साठा. मुंबईचाही असा राखीव साठा भातसात असतो, आणि मे-जून कोरडा गेला की सरकारच्या परवानगीनं त्यातलं पाणी उचलतात. माझा साठा दुखण्यासाठी. त्याला परवानगी द्यायची ती डॉक्टरांनी.

घराचा खर्च रोजचा १,००० रुपये धरला. ३८ लाखांचे झाले ३,८०० दिवस. दहा वर्षं आणि पाच महिने. म्हणजे त्रेसष्टीला तळ दिसला. ठेवीचं व्याज? ते उन्हात जातं. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली असं धरलं तर आजच्या हजाराच्या सामानाला बारा वर्षांनी दोन हजार पडतात आणि चोवीस वर्षांनी चार. म्हणून व्याज आणि महागाई एकमेकांना खातात असं समजून मी दोन्ही सोडून दिली. वही मिटली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी यांनी विचारलं, "गळती धरलीस का?"

यांना पंपांमुळे गळतीच आधी सुचते. पण प्रश्न बरोबर होता. माझ्या हजारातले किती रुपये निव्वळ नोकरी टिकवण्यासाठी जातात, हे मी कधी मोजलं नव्हतं. लोकलचा पास. स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, येताना-जाताना. घरी स्वैपाकाला वेळ नाही म्हणून पोळ्यावाली, धुण्याला बाई, निवडलेली भाजी. दुपारचा चहा, त्यासोबत कुणाच्या तरी वाढदिवसाचा वडा. कचेरीतल्या निरोपसमारंभांच्या वर्गण्या, हाही एक कायमचा कर आहे. आणि प्रवासानं धरलेल्या कमरेचं औषध. रविवार-सुट्ट्या धरून रोजचे २५० निघाले. म्हणजे मी रोज चार तास गाडीत उभी राहत होते, त्यातला बराचसा वेळ त्या उभं राहण्याचा खर्च भागवण्यासाठी!

राहिले ७५०. महिन्याचे २२,५००. यांचं दुकान बऱ्या-वाईट महिन्यांची सरासरी घेतली तर १३,००० देतं. साठ्यातून उचलायचे ते फक्त ९,५००. पण यांचा हात जन्मभर चालेल असं धरणं बरं नव्हे, म्हणून मी दहाच वर्षं धरली. अठ्ठावन्नाव्या वर्षापासून फंडाची पेन्शन सुरू होईल. ती पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कापून. म्हणून तिला हात लावायचा नाही. रक्कम माझ्या बाबतीत चार हजारांच्या घरात. धार बारीक, पण आटणारी नव्हे. हे सगळं मांडलं तेव्हा साठा शहात्तरीपर्यंत पोचला.

मग मी दुसरा हिशेब केला. मुकाट्यानं आणखी पाच वर्षं नोकरी केली, अठ्ठावन्न पुरी केली, तर? वर पंधरा लाख पडतील आणि साठा पंच्याऐंशीपर्यंत जाईल.

हे दोन आकडे मी बराच वेळ एकाखाली एक लिहून पाहत बसले. शहात्तर आणि पंच्याऐंशी. नऊ वर्षांचा फरक, आणि तो विकत घ्यायला पाच वर्षं मोजायची. सौदा म्हणून वाईट नाही. कुठलाही वाणी पाच देऊन नऊ घेईल. पण तो वाणी हे विचारील की नाही कोण जाणे, की देतोस ती कुठली आणि घेतोस ती कुठली? द्यायची ती त्रेपन्न ते अठ्ठावन्न, गुडघे अजून डोंगर चढतात ती. मिळायची ती शहात्तरीच्या पुढची, तीही मिळालीच तर. आणि ज्या पाच वर्षांत मी लोकलनं जा-ये करीन, तीच आईची एकोणऐंशी ते चौऱ्याऐंशी. तिच्या साठ्याची पातळी सकाळच्या पेपरात छापून येत नाही.

डब्यातल्या टेलिफोनवाल्या मैत्रिणींची आठवण मला याच दिवसांत फार झाली. २०१९ च्या नोव्हेंबरात बीएसएनएल आणि एमटीएनएलची स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. पन्नाशी गाठलेल्यांसाठी. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर एवढीच मुदत. जो प्रश्न बाकीच्या बायका वीस-वीस वर्षं चघळत बसतात तो त्यांना एका महिन्यात सोडवायचा होता. त्या महिनाभर आमचा डबा म्हणजे बँकेची शाखा झाला होता. मोबाइलवर आकडेमोड, कुणाचे मिस्टर नको म्हणतात, कुणाची सून हो म्हणते. दोन्ही मिळून देशभरात ९२ हजारांहून अधिक लोक घरी गेले, ३१ जानेवारी २०२० ला. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि आम्हीही घरी बसलो, ती गोष्ट वेगळी.

त्यांतली एक मला मागच्या वर्षी शहापूरच्या बाजारात भेटली. मी विचारलं, "पुरतंय का ग?" ती म्हणाली, "पुरतं. पण पहिल्या वर्षी मी रोज पासबुक बघायचे. आता गॅसचा सिलिंडर हलवून बघतो तसं महिन्यातून एकदा बघते." दुसरी एक मात्र पुन्हा एका दुकानात गल्ल्यावर बसते असं कळलं. पैशांसाठी नव्हे, दुपार सरत नाही म्हणून. दुपारीचा हिशेब मी केला नव्हता. तोही केला. माझ्या दुपारीला आई आहे, आणि तिच्याशी भांडायला दुपार अपुरी पडते.

आमच्या गावाकडून वैशाखऱ्यावरून नाणेघाटाची वाट चढते. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडायची अशी आख्यायिका सांगतात. लहानपणी तो रांजण बघितला की मला एकच प्रश्न पडे, हा भरल्यावर काय करीत असतील? जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा सातवाहनांच्या काळचा, दोन हजार वर्षांपलीकडचा शिलालेख आहे. त्यात यज्ञांतून दिलेल्या दक्षिणा लिहिल्या आहेत. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, आकड्यांसकट. आपल्याकडच्या फार जुन्या कोरीव आकड्यांत त्यांची गणना होते. हिशेबखात्यातल्या बाईच्या नजरेला त्यात एक गोष्ट खुपली. एवढी मोठी चोपडी, आणि सगळे आकडे खर्चाच्या बाजूचे! शिल्लक किती राहिली याचा तिथे उल्लेख नाही.

पण मी राणी नव्हे. म्हणून शिल्लक पाहायचीच, असं ठरवून मी पुन्हा मुंबईच्या हिशेबाकडे वळले. २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव खाली गेले तेव्हा ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात झाली होती. एवढं मोठं शहर, १४ लाख ४७ हजाराचा हिशेब ठेवणारं, तरी त्यालाही पुरलं नाही. मग शहरानं काय केलं? गाव सोडून गेलं? बायकांनी एक बादली कमी भरली आणि जुलैची वाट पाहिली. मी माझ्या ७५० ला दहा टक्के कपात लावली. ६७५ झाले. साठा शहात्तरीवरून एकोणऐंशीला गेला, आईच्या आजच्या वयावर. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आई, सहा टक्के महागाई, दहा टक्के कपात, हे सगळं तूच ठरवतेस. मग वय पण तूच ठरव." मला ते उत्तर आवडलं नाही. पण मी ते विसरलेही नाही.

यांना विचारलं तेव्हा यांनी मान वर न करता वायरीचे वेढे मोजत सांगितलं, "दुकानाचे तेरा हजार मी देतो. बाकीचं तू बघ." अठ्ठावीस वर्षांत यांनी दिलेलं हे सर्वांत लांब आश्वासन.

राहिली आई. तिला विचारायचं म्हणजे माझ्या पोटात गोळा. कारण आपली लेक घरी येणार म्हणून आई आनंदून जाईल ही गोष्ट कथा-कादंबऱ्यांतली. माझ्या आईनं भात आडवं पडलेली वर्षं पाहिली आहेत. अशा एका वर्षी वडिलांनी बैलजोडी म्हशाच्या जत्रेत नेऊन विकली होती. बैल घ्यायला लोक जातात त्या जत्रेत आम्ही विकायला गेलो होतो. रिकाम्या कासऱ्याची वेटोळी घेऊन वडील घरी आले, ती रात्र मला आठवते. त्या घरातली मुलगी मुंबईला नोकरीला लागली तेव्हा आईनं गावभर साखर वाटली होती.

गणपतीत गेले तेव्हा मी विषय काढला. ती तांदूळ निवडत होती, अर्ध्या नजरेनं आणि पुऱ्या बोटांनी.

"आई, नोकरी सोडावी म्हणते."

"का? काढलं का काय त्यांनी?"

"नाही ग. मीच सोडते. पैसे पुरतील एवढे झालेत."

तिनं सूप खाली ठेवलं. "दर पहिल्या तारखेला पाऊस पडतो तुझ्या शेतावर. दुष्काळ नाही, अवकाळी नाही. असं शेत कोण टाकतं का बाय?"

मी वही काढली. शहात्तर, पंच्याऐंशी, गळती, राखीव साठा, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी सोडत असशील तर सोडू नको. मला काय धाड भरली आहे?"

"तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. हे पुरतं खरं नव्हतं, पण पुरतं खोटंही नव्हतं. तिलाही ते कळलं असावं. ती उठून चुलीपाशी गेली. त्या दिवशी पुढे बोलणं झालं नाही.

नवरात्र उलटल्यावर मी कचेरीत चिठ्ठी दिली. तीन महिन्यांची. साहेबांनी विचारलं, "दुसरीकडे मिळालं का?" दुसरीकडे न मिळता कुणी नोकरी सोडतं हे त्यांच्या खात्यात बसणारं नव्हतं. डब्यात अजून सांगितलेलं नाही. तिथे सांगितलं तर राजीनाम्यांच्या रोजच्या गप्पांत माझाही एक मोजला जाईल, आणि कुणी खरा धरणार नाही.

गेल्या आठवड्यात आईकडे गेले. भात कापून झालं होतं, अर्धलीचा वाटा पडवीत पोत्यांतून लागला होता. कणगी केव्हाच मोडली, आता निळी प्लास्टिकची पिंपं आहेत. व्यापाऱ्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. दर वर्षी ती आपल्यापुरतं आणि भावाच्या घरचं ठेवते, बाकीचं घालते. मी चिठ्ठी दिल्याचं तिला फोनवर कळलं होतं. त्यावर ती एक अक्षर बोलली नव्हती.

जेवणं झाली. ती पायली घेऊन पोत्यांपाशी जाऊन बसली. मला म्हणाली, "वही आणलीस का?"

"आणली."

"मग लिही. तू आठवड्याचे किती दिवस इथे असशील? जावई जेवायला कधी कधी येतील? रात्री भात खातेस का भाकरी? ते सांग आधी. उद्या टेम्पोत किती घालायचं ते मग ठरवू."